जावयाने जोडलेला काटा

सासरेबुवा दुपारी जेवून आडवे झाले आणि इकडे जावयाने त्यांच्या जुन्या ट्रकच्या इंजिनावरचं झाकण उचललं. हेतू शुद्ध होता. सासऱ्यांचे गुडघे हल्ली क्लच दाबताना कुरकुरत, ट्रक आता कोणाला तरी द्यायचा असं घरात बोललं जात होतं, आणि पंखे-मोटारी दुरुस्त करून कंटाळलेल्या जावयाला तो मनापासून हवा होता. तोंड उघडून मागायचा मात्र धीर होत नव्हता. तेव्हा न मागता मिळेल असं काहीतरी करून दाखवावं, म्हणून त्याने ऑइल प्रेशरच्या, म्हणजे इंजिनातल्या तेलाचा दाब दाखवणाऱ्या मीटरला हात घातला.

त्या मीटरचा काटा कित्येक वर्षं शून्यावर झोपून होता. जाम झालाय, पार्ट मिळत नाही, असं सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. जावयाने पाहिलं तर पार्टबिर्ट काही नाही. इंजिनाकडून मीटरला जाणारी वायर नुसती निघाली होती. नीट गुंडाळून बाजूला खोचलेली, आणि टोकाला काळी टेप. निघालेली वायर स्वतःच स्वतःला टेप लावून घेत नाही, हे वायरींमध्येच जन्म काढलेल्या माणसाच्या ध्यानात यायला हवं होतं. पण सासऱ्याला खूश करायची घाई झाली की भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते. त्याने टेप सोलली, टोक घासलं, वायर जोडली आणि इंजिन सुरू केलं. काटा डुलत डुलत वर चढला. जावयाला अगदी भरून आलं.

दुसऱ्या दिवशी एका शिंप्याचं दुकान नव्या जागेत हलवायचं होतं. मागे शिलाई मशिनं, कपाटं, कपडे न घातलेले चार-पाच पुतळे आणि त्यांना सांभाळत उभा शिंपी. पुढे स्टिअरिंगवर सासरे, खिडकीपाशी आपली उशी घेऊन सासूबाई, आणि मधे इंजिनाच्या तापणाऱ्या झाकणावर जावई. सामान कोणी फोडलं याचा निवाडा करायला सासूबाई प्रत्येक फेरीला असतच. सासऱ्यांनी किल्ली फिरवली. काटा उठला आणि त्यांचा चेहरा पडला.

"हे कोणी केलं?"

"मी, बाबा," जावई लाजत म्हणाला.

सासूबाईंनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि काट्याकडे पाहत त्या उशीवर नीट सावरून बसल्या. शाबासकी द्यायची सासऱ्यांची पद्धत जरा अबोल आहे, असं जावयाने स्वतःला समजावलं.

पहिला सिग्नल लागेपर्यंत सगळं सुरळीत होतं. ट्रक थांबला, इंजिन संथ झालं आणि काटा खाली आला.

"अहो, काटा पडला."

"अगं, गाडी उभी आहे. पडणारच."

"मग वरचे आकडे काय शोभेला लिहिलेत?"

सासऱ्यांनी मुकाट्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला. काटा चढला, सासूबाई गप्प झाल्या. दुसऱ्या सिग्नलला हेच, तिसऱ्यालाही हेच. चौथ्याला मात्र पुढे एक बुजरा स्कूटरवाला होता. पाठीशी ट्रक असा गुरगुरायला लागल्यावर त्याला वाटलं, आपल्याला हाकलताहेत. बिचारा लाल दिव्यातच सुटला. शिट्टी वाजली. स्कूटरवाला तोवर पसार झाला होता, म्हणून हवालदार ट्रककडे आला.

एवढी घाई कसली, असं त्याने विचारताच सासूबाईंनी खिडकीतून त्याला सगळी हकीकत सांगितली. हवालदार पायरीवर चढला, त्याने काटा निरखला आणि गंभीर होऊन निकाल दिला, "बाई म्हणतात ते बरोबर आहे. इंजिन बंद करा."

सासऱ्यांनी बंद केलं. आता या ट्रकची बॅटरी सासऱ्यांच्याच वयाची. एकदा बसली की उठायला आधार लागायचा. म्हणून ते रस्त्यात कधीच इंजिन बंद करत नसत. सिग्नल सुटला, त्यांनी किल्ली फिरवली, आणि ट्रकने एक उसासा टाकून मौन धरलं. मागे हॉर्नांचा गोंधळ सुरू झाला. शेवटी जावई, शिंपी आणि स्वतःच्या निकालाने ओशाळलेला हवालदार असे तिघे ट्रक ढकलू लागले. वरून पुतळे शांतपणे बघत होते. सासूबाई काट्यावर नजर ठेवून जागच्या हलल्या नाहीत.

शिंप्याचं सामान उतरवताना सासऱ्यांनी जावयाला कपाटाआड घेतलं.

"ती वायर मी काढून ठेवली होती. मला संसार करायचा होता."

ट्रक गेला, असं जावयाने मनाशी धरलं. संध्याकाळी तो पाना घेऊन गुपचूप वायर काढायला निघाला, तर अंगणात सासरे उभे. त्यांनी त्याच्या हातातला पाना काढून घेतला आणि किल्ली ठेवली.

"उद्यापासून तुम्ही चालवा. ट्रक तुमचा."

"आणि वायर, बाबा?"

"ती पण तुमचीच," सासरे म्हणाले आणि पाय पसरून खुर्चीत बसले. इतके प्रसन्न ते मुलीच्या लग्नातही दिसले नव्हते.

सकाळी जावई ट्रकमध्ये चढला तेव्हा खिडकीपाशी उशी होती आणि उशीवर सासूबाई होत्या. आई, तुम्ही कशाला त्रास घेता, असं त्याने चाचरत म्हणून पाहिलं.

"जावईबापू, वायर यांनीच काढली होती हे मला तेव्हापासून माहीत आहे. यांना गाडी कानाने कळते, म्हणून मीही बोलले नाही."

"मग काल?"

"काल तुम्ही एवढ्या हौसेने जोडली होती. कोणी ढुंकूनही बघितलं नसतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं."

जावयाने ट्रक काढला. आज तो मालक होता. इंजिनाची प्रत्येक खरखर आता त्याच्या काळजाला लागत होती. पहिला सिग्नल आला, ट्रक थांबला, आणि त्याची नजर काट्यावर गेली.

"आई, काटा पडला!"

सासूबाई खिडकीबाहेर एका दुकानातल्या साड्या बघत होत्या.

"पडू दे हो," त्या म्हणाल्या. "सिग्नल सुटला की उठेल."