कमरेएवढ्या किल्ल्याची हकीकत

श्री रंगरेषादेवी प्रसन्न. जे डोळां देखिले आणि जे भिंतीआडून ऐकिले ते लिहितो. पदरचे मीठ कोठे पडले असल्यास चवीपुरते जाणावे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, भाद्रपद वद्य पंचमीस अमुक एका राज्यी ऐसे वर्तमान जाहले की, शेजारचे राजे यांनी स्वपराक्रमाचे कॉमिक करवून दरबारोदरबारी धाडिले, आणि त्यात ते घोड्यावर बसोन चक्क हालत होते. हे पाहोन आमचे महाराजांस अन्न गोड लागेना. मग अठरा कारखाने होते त्यांत एकोणिसावा घातला, संगणक मांडिला, कॉमिक रचावयाचे सॉफ्टवेअर आणविले. परंतु आतील तयार चित्रे परमुलखीची. एक चड्डीतला गोरा इसम आणि एक चष्मा लाविलेला कुत्रा. त्यांतून महाराज कोणास करावे? तेव्हा आपली चित्रे आपणच तयार करोन आत घालावी ऐसे ठरले, आणि मयत राजचितारी विठोजी यांची कन्या सगुणाबाई यांस बोलाविले. प्रधान त्रिंबकपंत बोलिले, "बाई, चितारकी आजवर पुरुषांकडे चालली. दसऱ्याचे दरबारी महाराज शोभतील ऐसे कॉमिक जाहले तर वडिलांची जागा तुमची. न जाहले तर घर खाली करावे आणि कुंचले सरकारजमा." बाईंनी पदर खोचला आणि कामास लागल्या.

प्रथम चित्रे आत घातली तो प्रत्येक मानकऱ्यामागे पांढरा चौकोन आला, रणांगणी धोतरे वाळत घातल्यासारखे दिसो लागले. मग बाईंनी ते पांढरे खरडोन मागील जागा पारदर्शक केली आणि दरबारची अब्रू राखिली. नंतर त्यांनी सांगितले की, "सर्वांची चित्रे एकाच मापाची हवीत, नाहीतर चौकटीत मावणार नाहीत." सर्वांनी माना डोलाविल्या आणि मग एकेक मागील दाराने येवो लागला. सरलष्कर आले आणि म्हणाले, "बाई, प्रधानाहून चार पिक्सेल तरी उंच करा, तुम्हांस घोड्याची शपथ." ते गेले आणि प्रधान आले आणि सरलष्कराहून आठ मागितले. खुद्द महाराजांनी निरोप धाडिला की सर्वांच्या तिप्पट. प्रस्तुत लेखकही गेला होता, परंतु ते येथे लिहिण्यात हशील नाही. बाई बिचाऱ्या एकट्या, आणि मागणारे सगळे वजनदार. त्यांनी ज्याचे त्यास दिले. मग चौकट उघडली तो महाराजांचा एक जोडा, सरलष्करांची ढाल, प्रधानांचे पोट, आणि मध्ये शोभेस काढिलेला सरकारी बकरा मात्र शेपटीसकट पुरता, कारण त्याच्या वतीने कोणी रदबदली केली नव्हती. महाराज कडाडले, "हे राज्य आमचे की बकऱ्याचे?" दसऱ्यास चार दिवस उरले. बाईंस रडू आले, आणि ते कोणी पाहिले नाही ऐसे सर्वांनी दाखविले.

मग बाईंनी डोळे पुसले आणि युक्ती योजिली. चित्रे सर्व एका मापाची केली, आणि महाराजांस स्वतंत्र चौकट देवोन मागील किल्लाच लहान केला, तो महाराजांच्या कमरेस लागला. महाराज बहुत खुशाल जाहले. हालत्या चित्रात तलवार उपसण्याच्या सहा फ्रेमा काढिल्या. परंतु सॉफ्टवेअरची रीत ऐसी की शेवटची संपली की पहिली येते, आणि उपसलेली तलवार एकाएकी गडप होते. म्हणोन बाईंनी तलवार परत म्यान करावयाच्याही सहा घातल्या. मग महाराज उपसीत आणि म्यान करीत, आणि पुन्हा उपसीत, ऐसे अखंड चालले.

दसऱ्याचे दरबारी शेजारचा वकील आला होता. दरबार खालचे वाड्यात भरला, किल्ला त्याने डोळां देखिला नव्हता. त्याने कॉमिक बारकाईने पाहिले, बोटांनी किल्ला मोजिला आणि आपले धन्यास लिहिले की, "किल्ला राजाचे कमरेएवढा. राजा तलवार काढितो आणि लगेच ठेवितो, लढावयाचे मनात नाही. त्वरा करावी." कार्तिकात फौज आली ती अडीच अडीच हातांच्या शिड्या घेवोन. शिड्या तटास लाविल्या आणि वर पाहिले. आमचा तट साठ हात. वरून आमचे लोक पोट धरोन हसत होते. शत्रूने शिड्या तेथेच टाकिल्या आणि आपला मुलूख गाठला. त्या शिड्यांवर हल्ली आमच्या बायका पापड वाळवितात.

महाराजांनी भर दरबारी चितारकीची सनद सगुणाबाईंचे हाती दिली आणि पुसिले, "आणिक काय हवे?"

बाई म्हणाल्या, "पुढील कॉमिकात माझेही चित्र असावे."

प्रधान घाबरोन बोलिले, "केवढे मोठे?"

"बकऱ्याएवढे. तो एकटाच पुरता दिसला होता."

येणेप्रमाणे एकोणिसाव्या कारखान्याचे वर्तमान जाहले. राज्य राखिले ते लहान किल्ल्याने, आणि तो लहान केला बाईंनी. सरलष्कर ते श्रेय आपल्याकडे घेतात, त्यांस घेवो द्यावे. प्रस्तुत लेखक दुसऱ्या चौकटीत उजवे कोपऱ्यात उभा आहे, सर्वांएवढाच आहे, आणि आता त्याची तक्रार नाही.