बँडवर लिहिणारे नरूअण्णा

खाली बँडवाल्यांची तालीम सुरू झाली की आमच्या गल्लीतल्या खिडक्या धडाधड बंद व्हायच्या. नरूअण्णांची तेवढी उघडायची.

ही सत्तरच्या दशकातली, सोलापुरातल्या साखर पेठेतली गोष्ट. खाली बँडचं दुकान, वर अण्णांची खोली आणि शेजारी मी, एक शाळामास्तर. अण्णा एका दवाखान्यात कंपाउंडर होते. रविवारी सकाळी कथा लिहायचे. "बँड वाजल्याबिगर माझ्या कथेतली माणसं जागची हलत न्हाईत," म्हणायचे. रेडिओ त्यांना चालत नसे. "त्याला सांगता येतं का, जरा हळू वाजव म्हणून?"

बँडला सांगता यायचं. अण्णा खिडकीतून अर्धे बाहेर वाकून ओरडत, "ओ राजण्णा, तो ढोल थांबवा की! माझी नायिका सासरला निघालीय!"

राजण्णा म्हणजे क्लॅरिनेटवाले. एरवी हातमागावर बसायचे, लग्नसराईत बँडचा लाल कोट चढवायचे. वर बघून विचारायचे, "रडायचं का हसायचं, अण्णा?"

"आधी रडा. मग बघू."

एकदा अण्णांचा नायक टायफॉइडनं शेवटच्या घटका मोजत होता. नेमकी त्या रविवारी वरातीची तालीम. दुपारी मी कागद वाचले, तर नायक अंथरुणात उठून बसलेला आणि भाकरीबरोबर शेंगाचटणी मागत होता.

"अण्णा, हे काय?"

"मी काय करू, मास्तर? तसल्या ढोलात कोण मरंल?"

पुढं राजण्णांचे समोरचे दात पडले. सूर ठरेना, हवाच निसटायची. दुकानाच्या मालकानं दुसरा वाजवणारा आणला. राजण्णा यायचे बंद झाले. तीन रविवार अण्णांनी कागदाला हात लावला नाही. चौथ्या रविवारी सरळ राजण्णांच्या घरी गेले.

"माझी कथा अडलीय. तुमच्याशिवाय सुटत न्हाय. चला."

"आता कुटं वाजतंय, अण्णा?"

"मला पायजे तेवढं वाजतंय की."

तेव्हापासून दर रविवारी राजण्णा अण्णांच्या खोलीत येऊन वाजवू लागले. अर्धा सूर, अर्धी फुंकर. समोर अण्णा खाली मान घालून लिहीत असायचे. पाच-सहा महिने झाले. कथेचं विचारलं की अण्णा म्हणायचे, "चाललीय."

एका रविवारी मी दोघांना चहा घेऊन गेलो. कप ठेवताना अण्णांच्या कागदावर नजर गेली. "दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर. दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर." पानभर तेच.

मी मान वर केली. हात न थांबवता, फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू अण्णा म्हणाले, "पेन थांबलं की राजण्णा वाजवायचं थांबवतात, मास्तर. आणि मग घरी जाऊन गप बसून राहतात."

राजण्णांनी क्लॅरिनेट ओठांपासून बाजूला घेतलं. दम खात विचारलं, "लई लांबली का हो कथा?"

"लई मोठी हाय," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी नवा कागद घेतला.