रशीदभाऊंचा पॉज

रशीदभाऊ समोरच्या माणसाचे वाक्य त्याच्या आधी म्हणतात. प्राचार्य भाषणात "या प्रसंगी मला" म्हणून श्वास घेतात, तोच मागच्या खुर्चीतून हलकेच "अत्यंत आनंद होतो" असे येते. एकदा शोकसभेतही ते शब्द आले, आणि प्राचार्यांनी सवयीने म्हटलेही. रशीदभाऊंना विचारले, तर म्हणाले, "सायबांची वही सालोसाल तेच असते, मॅडम. मले वाटलं, पानबी तेच हाय."

वडशाच्या आमच्या कॉलेजात ते ग्रंथालयात परिचर आहेत. पण खरे म्हणजे प्रॉम्प्टर. धान निघाले की झाडीपट्टीच्या नाटकांत, रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसून, त्यांनी कित्येक हिवाळे नटांना शब्द पुरवले. "शब्द कोनीबी सांगते," ते म्हणतात. "नट भुलला का पॉज घेऊन राह्यला, हे ज्याले कळते तो प्रॉम्प्टर."

मी मराठी शिकवते. बारावीला एक जुनी भयकथा आहे. माणूस बऱ्याच दिवसांनी घरी परततो, पत्नी पाय धुवायला पाणी देते, पाट मांडते, वरणभात वाढते, आणि त्याचे जेवण झाल्यावर नम्रपणे विचारते, "आपण कोणाकडे आलात?" कथा तिथेच संपते. मी फळ्यावर 'वातावरणनिर्मिती, सूचकता, धक्कातंत्र' असे थकलेल्या खडूने लिहीत असे. खिडकीतून राइस मिलच्या कोंड्याचा कोरडा, गोडसर वास येई. शेवटच्या प्रश्नावर मुले दरवर्षी हसत. मलाही त्याचे आता काही वाटेनासे झाले होते.

एका वर्षी रशीदभाऊ दारात पुस्तके घेऊन उभे होते. तास संपल्यावर म्हणाले, "तुमी भूत शोधून राह्यल्या, मॅडम. भूत नाई त्यात. पाणी हाय, पाट हाय, वरण हाय. सारं रोजचं हाय, म्हणून तर भेव वाटते. आन प्रश्नाच्या आधी थांबाले पाह्यजे. तुमी तर बस सुटल्यावानी वाचता."

"मग तुम्हीच वाचा, भाऊ."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाचली. वाक्ये आखूड होत गेली, आवाज खाली उतरत गेला. वरणाची वाफ त्यांनी इतकी सावकाश वर जाऊ दिली की मला हिंगाचा वास आला. मग प्रश्नापूर्वी ते थांबले. पंख्याची कुरकुर ऐकू येऊ लागली. त्यांनी प्रश्न विचारला तेव्हा कोणी हसले नाही. पहिल्या बाकावरच्या मुलीने पुस्तक मिटून टाकले. तेव्हापासून तो धडा त्यांचाच झाला.

यंदा मात्र त्यांनी नकार दिला.

"काऊन, भाऊ?" मी त्यांच्याच बोलीत विचारले.

"तो पॉज आता माह्याच्यानं होत नाई."

वय झाले असेल, असे मी समजले. त्याच आठवड्यात ते अर्ध्या रजेवर घरी जाताना चष्मा ग्रंथालयात विसरले. दुपारी तास नव्हता, म्हणून तो द्यायला मी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी, शमीमबाई, वेलदोड्याच्या वासाचा चहा गाळत होत्या.

"बैठो, बेटी. शक्कर..."

"कम," मागून रशीदभाऊंचे हलकेच आले.

"कम डालती हूँ. तुम..."

"कॉलेज से."

"कॉलेज से आई हो ना?"

ते इतके खालच्या पट्टीत सांगत की शब्द बाईंच्याच ओठांवर उगवल्यासारखे वाटत. शमीमबाईंची आठवण सुटत चालली आहे, हे मला तेव्हा कळले. कॉलेजात रशीदभाऊंनी याचा कधी उच्चारही केला नव्हता.

चहाचा कप माझ्या हाती देऊन त्या रशीदभाऊंकडे वळल्या. पाहुण्याकडे पाहून हसावे तशा हसल्या. मला त्यांची ओळख करून देऊ लागल्या.

"और ये हमारे..."

पुढे काही आले नाही. मी त्यांच्याकडे पाहिले. बाकी प्रत्येक शब्दाला धावून जाणारे रशीदभाऊ गप्प होते. चहावर साय धरू लागली. न राहवून मीच तोंड उघडले, तसे त्यांनी बोट वर केले, खड्ड्यातून करीत असतील तसे, आणि पत्नीच्या चेहऱ्यावरून नजर न काढता पुटपुटले,

"सांगू नका, मॅडम. भुलली नाई ते. पॉज घेऊन राह्यली."