उघड्या तोंडांचा कौल

दातवाल्या डॉक्टरांना आयुष्यात कोणी कधी विरोध केला नव्हता. हे ते स्वतःच सांगत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. बावीस वर्षं ते सिनेमांवर आणि मालिकांवर आपली मतं मांडत आले होते आणि बावीस वर्षांत एकाही माणसाने "तसं नाही हो, डॉक्टर" असं म्हटलं नव्हतं. आता म्हणणार तरी कसं? ऐकणाऱ्याच्या एका गालात कापसाचे बोळे, दुसऱ्या गालात थुंकी ओढणारी नळी आणि मधोमध डॉक्टरांची दोन बोटं असत.

डॉक्टरांना यात वावगं काही वाटत नसे. हिरडीत सुई टोचली की दाढ बधिर व्हायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं गप्प बसून काढणं म्हणजे पेशंटचा अपमान, असं त्यांचं म्हणणं. मग ते स्टूल पुढे ओढत आणि विचारत, "ती मालिका बघता की नाही?" खुर्चीतला माणूस घशातून काहीतरी आवाज काढी. तो आवाज होकाराचा आहे की नकाराचा, हे डॉक्टरांना बिनचूक कळे. इतक्या वर्षांत तो नकाराचा कधी निघालाच नव्हता.

त्यांची मतं ठाम होती आणि सगळी दातांवरून बनलेली होती. गाजलेली गुप्तहेर मालिका त्यांनी पहिल्याच भागात निकालात काढली. सगळं अंधारात घडतं, कोणाचा एक दात दिसत नाही, आणि लोक त्याला वातावरणनिर्मिती म्हणतात! अकरा वर्षं चाललेल्या कौटुंबिक मालिकेतली सासू रडताना तोंड उघडते तेव्हा तिच्या दाढा सुनेपेक्षा तरुण दिसतात, म्हणून तीही बाद. त्यांचा सगळ्यात लाडका सिनेमा म्हणजे दोन जुळ्या बस कंडक्टरांचा एक जुना धांगडधिंगा. का, तर त्यातला खलनायक हसतो तेव्हा त्याची किडलेली दाढ दिसते. "खरी कीड आहे हो ती," डॉक्टर भारावून सांगत. "याला म्हणतात अस्सल अभिनय."

आणि त्यांचा सगळ्यात मोठा राग होता तो दीपगृहाच्या सिनेमावर. गावातलं चित्रपट मंडळ दर वर्धापनदिनाला तो सिनेमा दाखवायचं. साडेतीन तास एक म्हातारा बेटावर एकटाच राहतो, दिवा पुसतो, समुद्र बघतो. लोक डोळे पुसत बाहेर पडत. डॉक्टर दात-ओठ खात बाहेर पडत. वीस वर्षं डब्यातलं खाणारा, ब्रशचं तोंड न पाहिलेला माणूस, आणि दात कसे, तर जाहिरातीतल्यासारखे! एवढी लबाडी करणाऱ्याला बक्षिसं देतात म्हणजे काय?

मंडळाचे ते सभासद होते, पण सिनेमानंतरच्या चर्चेला एकदाही बसले नव्हते. खेळ शनिवारी दुपारी असे, वाचनालयाच्या वरच्या दालनात, आणि चर्चा सुरू व्हायची तेव्हा त्यांना दवाखाना उघडायचा असे. त्यामुळे लोक सिनेमावर काय बोलतात हे त्यांना फक्त खुर्चीत पडलेल्यांकडूनच कळलं होतं.

त्यात त्यांना एक सवय. पेशंटच्या कार्डावर दाढेची नोंद झाली की त्याखाली ते मताचीही नोंद करत. "खालची उजवी, भरली. गुप्तहेर मालिका: सहमत." "अक्कलदाढ काढली, मूळ वाकडं. दीपगृह: पूर्ण सहमत." दवाखान्यात मदतीला असलेल्या सिस्टर ती कार्डं नीट लावून ठेवत आणि वाचून गप्प बसत.

यंदा मंडळाच्या अध्यक्षांनी, म्हणजे निवृत्त जजसाहेबांनी, पद सोडायचं जाहीर केलं आणि डॉक्टरांच्या डोक्यात वीज चमकली. आपण अध्यक्ष व्हायचं. दीपगृह बंद, जुळे कंडक्टर सुरू. त्यांना सोडून मंडळाचे अडतीस सभासद, आणि अडतीसच्या अडतीस त्यांचे पेशंट. त्यांनी सगळी कार्डं काढायला लावली आणि टेबलावर मांडली. सहमत, सहमत, पूर्ण सहमत.

"निवडणूक कसली, सिस्टर," ते म्हणाले, "ही तर मिरवणूक आहे."

सिस्टरांनी हातातला ट्रे खाली ठेवला. "डॉक्टर, रागावू नका, पण तोंडात नळी असताना माणूस हो म्हणतो की नाही म्हणतो, हे तुम्हाला कसं कळतं?"

"अनुभव," डॉक्टर म्हणाले. "मला बंद तोंडापेक्षा उघड्या तोंडाची भाषा जास्त कळते."

तरी खबरदारी म्हणून त्यांनी मंडळाच्या सभासदांसाठी मोफत तपासणी जाहीर केली. फुकट म्हटल्यावर सगळे आले. डॉक्टर आरसा तोंडात घालत, अणकुचीदार हत्यार दाढेवर टेकवत आणि मगच विचारत, "मत मलाच ना?" त्या अवस्थेत कोण काय बोलणार! प्रत्येकाच्या घशातून आवाज आला आणि प्रत्येक कार्डावर "मत: पक्कं" अशी नोंद झाली. स्वतःच्या बायकोचेही दात त्यांनी साफ केले आणि तिच्याही कार्डावर तेच लिहिलं.

त्यांच्या विरोधात फक्त निवृत्त मुख्याध्यापिका बाई उभ्या होत्या. बाईंचं हसू गावात प्रसिद्ध होतं. त्या नुसत्या हसून बोलल्या, तरी अवघडातली अवघड मुलंही शाळेत रमायची, असं त्यांचे जुने विद्यार्थी अजून सांगत. पण त्यासुद्धा मोफत तपासणीला येऊन गेल्या होत्या. त्यांच्याही कार्डावर "मत: पक्कं" होतं. उमेदवाराचंच मत आपल्याला पडतंय, यात डॉक्टरांना नवल वाटलं नाही, उलट बाईंच्या मोठ्या मनाचं कौतुक वाटलं.

सभा रविवारी सकाळी होती. डॉक्टर नवा शर्ट घालून आणि बुटांच्या खोक्यात कार्डं भरून निघाले. डॉक्टरीणबाईंनी खोक्याकडे बघून विचारलं, "अहो, हे कशाला?"

"पुरावा," डॉक्टर म्हणाले.

जजसाहेब अध्यक्षांच्या खुर्चीत नेहमीसारखे तोंड मिटून बसले होते. शेजारी मंडळाचे सचिव, म्हणजे खालच्या वाचनालयाचे ग्रंथपाल, घंटी आणि नियमांची वही घेऊन बसले होते. डॉक्टर बोलायला उभे राहिले आणि पंचवीस मिनिटं त्यांनी दीपगृहाच्या म्हाताऱ्याची अशी काही चिरफाड केली की विचारू नका. वरची दंतपंक्ती झाली, खालची झाली, हिरड्यांचा रंगसुद्धा सोडला नाही. दालनात कोणी हूं की चूं केलं नाही. डॉक्टरांना अशा शांततेची सवयच होती. ते समाधानाने खाली बसले.

मग मुख्याध्यापिका बाई उठल्या.

"त्याचे दात चांगले आहेत हे माझ्या कधी लक्षातच आलं नाही, डॉक्टर," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी त्याच्या हातांकडे बघत होते. माझे वडील आजारी होते तेव्हा घरातलं घड्याळ रोज असंच पुसायचे. मला तो सिनेमा फार आवडतो."

पाचसहा जणांनी माना डोलावल्या. डॉक्टरांना क्षणभर काय चाललंय तेच कळेना. समोरचा माणूस बोलतोय, पूर्ण वाक्यं बोलतोय, आणि ती त्यांच्या मतापेक्षा वेगळी आहेत! बाईंनी दगा दिला, अशी त्यांची पक्की समजूत झाली.

"बाई, गेल्याच मंगळवारी तुम्ही माझ्याशी सहमत होतात."

"मी? कधी?"

इथे डॉक्टरांनी थांबायला हवं होतं. सिस्टर मागच्या रांगेतून हातवारे करून तेच सांगत होत्या. पण डॉक्टरांनी खोकं उघडलं, बाईंचं कार्ड काढलं आणि भर सभेत खणखणीत आवाजात वाचलं, "वरचे पुढचे दोन खोटे, पकड चांगली. दीपगृह: पूर्ण सहमत. मत: पक्कं."

सदतीस माना वळल्या. सगळं दालन बाईंच्या त्या प्रसिद्ध हसूकडे टक लावून बघू लागलं. आपण काय करून बसलो हे डॉक्टरांना तेव्हा कळलं आणि त्यांचे कान तापले. पेशंटची गोष्ट चारचौघांत सांगायची नाही, एवढा एक नियम त्यांनी बावीस वर्षं पाळला होता, आणि तो एका सिनेमापायी मोडला होता. त्यांना खरोखर लाज वाटली.

बाई मात्र तशाच हसल्या, त्याच दोन दातांनी. "खोटेच आहेत. आणि मंगळवारी मी एवढंच सांगत होते, डॉक्टर, की नळी जिभेखाली टोचतेय."

हशा पिकला आणि तिथून बांध फुटला. प्रत्येकाला काही ना काही सांगायचं होतं, आणि वर्षानुवर्षं सांगायचं राहून गेलं होतं. एकाने चार वर्षांपूर्वीच्या दाढेपासून सुरुवात केली. त्या दिवशी डॉक्टरांनी गुप्तहेर मालिकेला नावं ठेवता ठेवता खुनी कोण ते सांगून टाकलं होतं, आणि तो बिचारा तेव्हा जिवाच्या आकांताने "नको, नको" म्हणत होता. कार्डावर सहमत. ग्रंथपालांनी घंटी बाजूला ठेवली आणि अक्कलदाढ काढली त्या दिवसाचा हिशेब चुकता केला. अकरा वर्षांच्या मालिकेतली सासू ही त्यांची सख्खी मावशी होती, आणि तिच्या दाढा तिच्या स्वतःच्या होत्या. मंडळात इतकी रंगलेली चर्चा आजवर झाली नव्हती. डॉक्टर खोकं मांडीवर धरून बसले होते. वीस-बावीस वर्षं आपण ज्यांना आपली माणसं समजलो, त्यांतलं एकही आपलं नव्हतं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं.

"मग तुम्ही तेव्हाच बोलला का नाहीत?" त्यांनी कळवळून विचारलं.

यावर जो हशा झाला तो खालच्या वाचनालयात ऐकू गेला असणार.

हशा ओसरल्यावर डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या. नवऱ्याची इतकी शोभा झाल्यावर ही आता काय बोलणार, म्हणून सगळ्यांनी कान टवकारले.

"अध्यक्षपदासाठी मी आमच्या ह्यांचं नाव सुचवते," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण मुख्याध्यापिका बाईंनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, एकदा नियमांच्या वहीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "मी माझी उमेदवारी मागे घेते," त्या म्हणाल्या, "आणि या सूचनेला अनुमोदन देते." मग एकेक करून हात वर गेले. सगळे. मघाशी तावातावाने भांडणारेसुद्धा दोन्ही हात वर करायला तयार होते. एकमताने निवड झाली.

डॉक्टरांनी उठून सगळ्यांना नमस्कार केला. माणसं चांगलीच असतात, भांडतात पण गुण ओळखतात, असं त्यांच्या मनात आलं. जजसाहेबांनी घाईघाईने खुर्ची रिकामी केली. डॉक्टर तिच्यात बसले, घसा साफ केला आणि म्हणाले, "मित्रहो, दीपगृहाबद्दल माझं मत असं की..."

ग्रंथपालांनी घंटी वाजवली आणि वही उघडली. "नियम नववा. अध्यक्षांनी कोणत्याही कलाकृतीबद्दल स्वतःचं मत मांडू नये. इतरांना बोलायला वेळ द्यावा. मुदत तीन वर्षं."

पंधरा वर्षांत जजसाहेबांचा आवाज मंडळात कोणी ऐकला नव्हता. आता ते सभासदांच्या पहिल्या रांगेत बसले, पाय पसरले आणि बोलले. बोलले म्हणजे काय, सुटलेच. जुळ्या कंडक्टरांचा सिनेमा हा त्यांच्या मते आजवर सर्वात फुकट गाजलेला सिनेमा होता. गोष्ट नाही, अभिनय नाही, संगीत कानठळ्या बसवणारं. "आणि ती किडलेली दाढ," ते म्हणाले, "माझा मेव्हणा होता त्या सिनेमाच्या रंगभूषेला. काळा कागद चिकटवला होता." डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. घंटी वाजली. डॉक्टर खाली बसले.

सभा दीड तासाने संपली. घरी जाताना डॉक्टर दोन चौक खोकं सांभाळत चालले. तिसऱ्या चौकात न राहवून म्हणाले, "अगं, तुला नववा नियम माहीत होता?"

"चर्चेला बसते ना मी. दर महिन्याला."

डॉक्टरांनी खोकं या काखेतून त्या काखेत घेतलं. उद्या मुख्याध्यापिका बाईंच्या घरी जाऊन माफी मागायला हवी, असं ते म्हणाले. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच बंद तोंडाच्या माणसाला मत विचारलं, "खरं सांग, तुला तो दीपगृहाचा सिनेमा कसा वाटतो?"

"रटाळ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चार वेळा झोप लागली मला त्यात. उगाच डोक्यावर चढवून ठेवलाय."

डॉक्टर रस्त्यातच थांबले. "मग सभेत माझ्या बाजूने का नाही बोललीस?"

"बोलले असते की," त्या म्हणाल्या, "पण लोकांना वाटलं असतं, मीसुद्धा दातच बघत होते."