चार फुटांचं खुराडं

"आपण आजवर चुकीचं शिकवत होतो!" प्रशिक्षणाहून परतलेल्या गुरुजींनी पिशवी खुंटीला अडकवायच्या आतच जाहीर केलं.

"आपण नाही, तुम्ही," धुणं वाळत घालता घालता बाई म्हणाल्या. "माझी पहिली-दुसरी व्यवस्थित आहे."

डोंगरावरच्या आदिवासी मुलांची ती शाळा हे नवराबायको मिळून चालवत. मोठ्या मुलांचा वर्ग गुरुजींकडे होता आणि त्या वर्गात कमालीची शांतता असे. गुरुजी प्रश्न विचारत, मुलं टक लावून त्यांच्याकडे बघत, उत्तर मात्र कुणी देत नसे. आता पुढच्या आठवड्यात तपासणीला साहेब येणार होते. मुलं बोलली नाहीत तर शाळा बंद होणार, आणि मुलांची रवानगी घरदार सोडून दूरच्या वसतिगृहात.

"प्रशिक्षणात सांगितलंय," गुरुजी म्हणाले, "कुणी ऐकून शिकतं, कुणी बघून, कुणी हातांनी. आपली मुलं हातांनी शिकणारी!"

"आणि तुम्ही?"

"मला सगळंच जमतं."

दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्या, खिळे आणि जाळी आली. शाळेच्या कोंबड्यांसाठी खुराडं बांधायचं आणि त्यातूनच क्षेत्रफळ, घनफळ शिकायचं. लांबी, रुंदी, उंची अडीच-अडीच फूट ठरली. पण अडीचचा गुणाकार करताना गुरुजी स्वतःच अडखळले.

"असं करू, चार-चार फूट घेऊ. हिशेब सोपा!"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं आणि ती कामाला लागली. काय त्यांचा उत्साह! कुणी करवत चालवतंय, कुणी फळी धरतंय. सगळ्यात पुढे असायची ती चिमणी नावाने ओळखली जाणारी मुलगी. वर्षभरात तिचा आवाज गुरुजींनी ऐकला नव्हता, पण तिचा एकही खिळा वाकडा जात नव्हता. गुरुजी तर हरखूनच गेले. जेवायलाही घरी जाईनात.

तपासणीच्या सकाळी शेवटचा खिळा ठोकून झाला. "चला, अंगणात नेऊ. साहेबांना आल्या आल्या दिसलं पाहिजे!"

खुराडं दारापर्यंत गेलं आणि तिथेच अडकलं. उभं केलं, आडवं केलं, तिरकं केलं. सगळ्याच बाजू सारख्या, फरक पडणार कसा? आतून गुरुजी रेटत होते, बाहेरून बाई ओढत होत्या, आणि त्याच वेळी फाटकाशी गाडी थांबली.

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"घनफळ," जाळीमागून गुरुजींचा घामेजलेला चेहरा म्हणाला.

साहेब वाकून जाळीतून आत बघू लागले. "मुलं इतकी गप्प का?"

तेवढ्यात चिमणी पुढे आली. "गुरुजी, काम झालं का?"

"झालं गं बाई, सगळंच झालं!"

"मग बोलते. आमच्यात मोठं माणूस काम करत असताना मध्ये बोलत नाहीत. नुसतं बघायचं. काम झालं की बोलायचं. गुरुजींचं शिकवणं कधी संपतच नाही."

आणि मग मुलं जी सुटली! क्षेत्रफळ झालं, घनफळ झालं, जाळी किती लागली, किती वाया गेली, सगळं साहेबांना सांगून झालं. साहेबांना प्रश्न विचारायला फटच मिळेना.

"चौसष्ट घनफूट," चिमणीने शेवटी सांगितलं. "आणि दार तीन फूट रुंद."

"हे कधी कळलं तुला?" गुरुजींनी क्षीण आवाजात विचारलं.

"पहिल्याच दिवशी. पण वाटलं, तुम्ही काहीतरी ठरवलं असेल. आणि तुम्हाला इतकी मजा येत होती..."

साहेब पोट धरून हसले. "ही शाळा बंद करण्याची माझी तरी हिंमत नाही," ते म्हणाले. "पण आधी गुरुजींना बाहेर काढा."

"काढते की," चिमणीने हातोडी उचलली. "गुरुजी, तुम्ही इथे बसा आणि बघा."

गुरुजी मांडी घालून बसले. पहिली फळी सुटली.

"ही आधी का काढलीस?"

दुसरी फळी सुटली.

"वरून सुरुवात केली असती तर? तो खिळा परत वापरता येईल का गं? अगं, ते कोपऱ्यातलं..."

चिमणीने हातोडी खाली ठेवली आणि जाळीतून बाईंना हाक मारली.

"बाई, गुरुजी हुशार आहेत हो. पण वर्गात त्यांचं लक्षच नसतं."

"काय सांगू बाळा," बाई म्हणाल्या, "घरीही तेच आहे."