बिनधुराची शेकोटी

उदगीरच्या अमृतरावांना खोकला आला आणि तिथून सगळं बिघडलं. खोकला तसा नवा नव्हता. रोज सकाळी बागेतल्या शेकोटीशी बसले की तो यायचाच, आणि कुणी विचारलं तर उत्तरही ठरलेलं असायचं: शेकोटीचा धूर घशात गेला. पण त्या दिवशी नांदेडहून लेक आली होती. शिवानीचा स्वभाव असा की एखादी अडचण तिच्या कानावर पडली की तिचा बंदोबस्त होईपर्यंत तिला चैन पडत नसे.

"एवढा खोकला?" तिनं चहाचा कप खाली ठेवत विचारलं. अमृतरावांनी ठरलेलं उत्तर दिलं.

"मग धूरच बंद करू या, अप्पा," शिवानी म्हणाली, आणि तिनं मोबाईल उघडला.

अमृतराव घाईनं म्हणाले, राहू दे, एवढं काही नाही. कारण खरं सांगायचं तर त्या खोकल्याचा आणि लाकडाच्या धुराचा काहीएक संबंध नव्हता. अमृतराव बिडी ओढत होते. कापड दुकानाच्या गल्ल्यावर उभी हयात गेली, ती बिडीच्या सोबतीनंच गेली. तीन वर्षांपूर्वी छातीनं दगा दिला, दवाखान्यात राहावं लागलं, आणि शिवानीनं खाटेशी उभं राहून बजावलं की यापुढे बिडी ओढताना दिसलात तर मी माहेरची पायरी चढणार नाही. आईकडे वळून म्हणाली, "अव्वा, तू लक्ष ठेव." दानम्मांनी गंभीरपणे मान हलवली. शिवानी बोलली तसं करणारी होती. सख्ख्या चुलत्यानं तिच्या लग्नात मानपानावरून एक वावगा शब्द काढला, त्याच्याशी तिनं सोडलेलं बोलणं अजून सोडलेलंच होतं. आणि महिन्याकाठी लेक येऊन दोन दिवस राहते, यापलीकडे अमृतरावांना दुकान पोराच्या हवाली केल्यापासून दुसरं सुख उरलं नव्हतं. म्हणजे होतं एक, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

घरी आल्यावर अमृतरावांनी बिडी खरंच सोडली. पुरता आठवडा सोडली. मग त्यांना शेकोटीचा शोध लागला. शेकोटी पेटवली की स्वयंपाकघराची खिडकी आणि त्यांची खुर्ची यांच्यामध्ये धुराचा छान पडदा उभा राही. धुरात धूर मिसळे, शालीला लाकडाचा वास लागे, त्यात बिडीचा वास कुणाला ओळखू येणार? तेव्हापासून अमृतरावांच्या बागेत बारा महिने जाळ सुरू झाला. थंडीत ऊब पाहिजे म्हणून, पावसाळ्यात डास होतात म्हणून आणि उन्हाळ्यात पालापाचोळा साचतो म्हणून.

शिवानीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं मोबाईलवर बिनधुराच्या शेकोट्या दाखवायला सुरुवात केली. एक घंगाळासारखी होती, एक पिंपासारखी, एकीला तर चाकं होती. बाप खूश व्हावा म्हणून ती कौतुकाचे अभिप्राय वाचून दाखवू लागली. कुणी लिहिलं होतं, धुराचा मागमूस नाही. कुणी लिहिलं होतं, पांढरा शर्ट घालून बसा. प्रत्येक अभिप्रायागणिक अमृतरावांचा चेहरा उतरत गेला. शेवटी ते म्हणाले की चांगलं राहू दे, वाईट काय लिहिलंय तेवढं वाच. धंद्यातल्या माणसाला माल कळतो तो तक्रारीवरून. शिवानीनं शोधून शोधून एक तक्रार काढली. पिंपासारख्या शेकोटीखाली कुणीतरी लिहिलं होतं, "धूरच धूर. डोळ्यांना धारा लागल्या. पैसे पाण्यात."

"हीच घे," अमृतराव म्हणाले.

शिवानीनं ती तक्रार त्यांना परत एकदा वाचून दाखवली. तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं की ज्या मालाविषयी एकच तक्रार येते तो माल चोख असतो, एवढं दुकानदारीत कळतं. बापाच्या अनुभवाचं तिला लई कौतुक वाटलं. ऑर्डर देऊन ती नांदेडला गेली.

शेकोटी घरी आली त्या दिवशी शेजारचे आनंदराज खोकं उघडायला आपणहून हजर झाले. आनंदराज महावितरणमधून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. रोज सकाळी ते अमृतरावांच्या शेजारी खुर्ची टाकून शेकत बसायचे, त्यामुळे बिडीचं त्यांना सगळं ठाऊक होतं. पण आनंदराज खोटं बोलत नसत. कुणी विचारत नव्हतं म्हणून ते सांगत नव्हते, इतकंच. त्यांना कुणी काही विचारू नये यासाठी अमृतरावांना डोळ्यांत तेल घालून जागावं लागे.

आनंदराजांनी माहितीपत्रक तीनदा वाचलं आणि हात चोळत समजावून सांगितलं. पत्र्याच्या दोन भिंती, मधे पोकळी. खालच्या भोकांतून हवा आत जाते, पोकळीत तापते आणि वरच्या काठाच्या भोकांतून बाहेर येऊन धुरालाच पेटवून देते.

"म्हणजे धूर जळतो?" अमृतरावांनी बारीक आवाजात विचारलं.

"पार जळतो," आनंदराज म्हणाले. आणि ती तक्रार लिहिणाऱ्यानं नक्की ओली लाकडं घातली असणार, अशा माणसांना काय म्हणावं, असंही ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळ झाला. काय तो जाळ! धूर म्हणून औषधाला नाही. अमृतरावांनी मान वर केली तर खिडकीत दानम्मा उभ्या, आणि त्यांच्या कपाळावरच्या विभूतीच्या तीन रेघा इथून मोजता येत होत्या. म्हणजे तिथूनही इथलं सगळं तितकंच दिसत असणार. खिशात गेलेला हात अमृतरावांनी रिकामाच बाहेर काढला.

आणि बिडीपेक्षा मोठी पंचाईत खोकल्याची झाली. धूर गेला म्हटल्यावर खोकलाही जायला पाहिजे. शिवानीचा रोज संध्याकाळी फोन येई आणि ती पहिली चौकशी खोकल्याची करी. अमृतराव म्हणत, एकदम बंद. पण मुरलेला खोकला असा सांगून थोडाच जातो? तो दाबता दाबता त्यांचे डोळे पांढरे होत. शेवटी त्यांनी युक्ती काढली. खोकला आला की बोअरची मोटर चालू करायची आणि तिच्या आवाजात खोकून घ्यायचं. दोन दिवसांत गच्चीवरची टाकी इतक्यांदा भरून वाहिली की गल्लीतून पाट निघाला, आणि समोरच्या धुरपताबाईंनी येऊन विचारलं की तुमच्या घरी कार्यक्रम आहे का.

मग अमृतरावांनी लाकडं नळाखाली धरली. चुकून धरली असं दाखवलं. ओल्या लाकडांनी थोडा धूर धरला, अमृतरावांना धीर आला, तेवढ्यात आनंदराजांनी नाक वर करून हवेचा वास घेतला. शेजाऱ्याची अडचण त्यांना बघवली नाही. दुपारी ते गाडीवरून शेतातल्या खडखडीत वाळलेल्या तुराट्यांचा भारा घेऊन आले आणि म्हणाले, आता काळजी करू नका, हिवाळाभर पुरतील. अमृतरावांनी आभार मानले. मनात काय म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही.

ज्यात देवच आठवतो अशा अवस्थेत अमृतराव असताना सोमवारी सकाळी दानम्मा घमेल्यात शेण आणि माती कालवून बागेत आल्या.

"नव्या चुलीला पोतेरं न्हाई, हळद-कुंकू न्हाई, अन् तसाच जाळ करून राहिलाव," त्या म्हणाल्या. "घरात बरकत कशानं राहील?"

असं म्हणून त्यांनी पदर खोचला आणि शेकोटी आतून-बाहेरून सारवायला घेतली. आनंदराज खुर्चीतून अर्धे उठले. त्यांनी वहिनींना सांगायचा प्रयत्न केला की ती भोकं हवेसाठी आहेत, तोच तर सगळा शोध आहे. दानम्मांनी त्यांच्याकडे शांतपणे बघितलं. भोकं पडलेलं भांडं कुणी जाळावर ठेवतं का, असं विचारलं आणि एकेक भोक अंगठ्यानं दाबून बुजवलं. वर हळद-कुंकू वाहिलं. आनंदराजांनी डोळे मिटून घेतले.

मंगळवारी शेकोटीतून जो धूर निघाला तसा धूर उदगिरात वीटभट्टीवरसुद्धा कुणी पाहिला नसेल. खिडकी दिसेना, आंबा दिसेना, शेजारी बसलेले आनंदराज दिसेनात. अमृतरावांनी बिडी पेटवली, पहिला झुरका घेतला आणि मनसोक्त खोकून घेतलं. वाडवडिलांनी घालून दिलेल्या रीतीभाती किती विचारानं घातलेल्या असतात, यावर ते आनंदराजांशी कितीतरी वेळ बोलले.

पण आनंदराज पडले इंजिनियर. चांगलं यंत्र बिघडलेलं त्यांना बघवेना. बुधवारी ते विणायची सुई घेऊन आले आणि सगळी भोकं कोरून मोकळी करून गेले. गुरुवारी दानम्मांनी ती परत बुजवली. शुक्रवारी सुई, शनिवारी शेण. अमृतराव मधे बसून दोघांचंही कौतुक करत होते. दानम्मांसमोर परंपरेचं आणि आनंदराजांसमोर विज्ञानाचं.

रविवारी शिवानीनं व्हिडिओ कॉल केला. दानम्मा वांगी तोडायला बागेतच होत्या. अमृतरावांच्या पाठीमागे आभाळ भरून आल्यासारखा धूर होता आणि त्यांना तो लपवायला जागा नव्हती.

"अप्पा, हा कसला धूर?" शिवानीनं विचारलं.

अमृतरावांनी मोबाईल नुसताच इकडून तिकडे फिरवला. तोच दानम्मांनी त्यांच्या हातातून मोबाईल घेतला. "धूर कुठला? धुकं हाय ग. औंदा लई धुकं पडून राहिलंय."

शिवानीला काही ते पटलं नाही. ती म्हणाली, आनंदराज काका तिथंच दिसतात, त्यांना फोन दे, मी त्यांनाच विचारते. आनंदराज घसा साफ करून पुढे सरकले. अमृतरावांनी डोळे मिटले. दानम्मांनी मात्र फोन दिला नाही. आवाज येत नाही, रेंज गेली, असं सांगून त्यांनी तो सरळ बंदच केला आणि वांग्यांची टोपली उचलून आत गेल्या.

अमृतरावांनी डोळे उघडले. पाहुण्याला दही कालचं आहे की आजचं हेसुद्धा खरं सांगणारी ही बाई पोटच्या लेकीशी धडधडीत खोटं बोलली! आणि मग त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हिला सगळं कळलंय. नवऱ्याची लेकीपुढे शोभा होऊ नये म्हणून हिनं भोकं बुजवली, हिनं खोटं बोलण्याचं पाप डोक्यावर घेतलं. अमृतरावांचे डोळे खरोखर भरून आले. अशा बाईला आपण तीन वर्षं फसवत आलो, याची त्यांना मनापासून लाज वाटली. रात्रभर तळमळून त्यांनी निश्चय केला की उद्या तिच्यापुढे सगळं कबूल करायचं आणि बिडी कायमची सोडायची.

सकाळी रोजच्यासारखे ते आंघोळीला गेले. आंघोळ आणि त्यामागून इष्टलिंगाची पूजा, म्हणजे रोज त्यांचा चांगला तासभर जाई. पण त्या दिवशी लाईट गेली, गिझरचं पाणी थंडगार आलं. आधी कबुली देऊन टाकावी, मोकळ्या मनानं मग पूजेला बसावं, असं ठरवून ते तसेच टॉवेल खांद्यावर टाकून बागेत आले.

शेकोटीशी दानम्मा उकिडव्या बसल्या होत्या. नाकाला पदर, हातात उलथनं, निखाऱ्यांवर जुना फुटका तवा. तव्यावर काहीतरी काळंभोर भाजत होतं. अमृतराव जवळ गेले आणि जागीच थबकले. चाळीस वर्षं ज्या वासावर जगलो तो वास माणूस झोपेतसुद्धा ओळखतो.

"काय करून राहिलीस?"

दानम्मा दचकल्या नाहीत. "मिसरी भाजून राहिले."

मिसरी! शिवानीच्या लग्नाआधी दाताच्या डॉक्टरनं लातुरात तंबी दिली होती आणि शिवानीनं तेव्हाच आईकडून तंबाखूला हात न लावण्याची शपथ घेतली होती. मिसरीचा डबा स्वतः नाल्यात फेकून दिला होता. त्यावर अमृतराव तेव्हा दानम्मांना व्यसनाच्या तोट्यांविषयी चार शब्दही बोलले होते.

"अन् तंबाखू कोण आणून देतंय तुला?" त्यांनी दरडावून विचारलं.

"कोन देनार? तुमीच की," दानम्मा म्हणाल्या. "खताच्या पोत्याआड तुमचं बंडल असतंय. चार बिड्या सोडवल्या की आठवडा निघतो."

अमृतराव खुर्चीत बसले. म्हणजे हिला पहिल्या बंडलापासून ठाऊक होतं. आपण वेलदोडे चघळले, शाली धुरवल्या, मोटरच्या आवाजात जीव जाईस्तोवर खोकलो, आणि ही बाई खिडकीतून बघत होती.

"मग बोलली का न्हाईस?" त्यांनी विचारलं. "लेकीनं तुला राखण बसवलं होतं."

दानम्मांनी उलथन्यानं तवा हलवला. "बोलले असते तर तुमी सोडली असती," त्या म्हणाल्या. "मग मला कोन आनून दिलं असतं?"

कबुली द्यायला आलेल्या माणसाची कबुली आधीच वापरून झालेली होती. आणि निश्चयाचं म्हणाल तर आता बिडी सोडायचीही सोय राहिली नव्हती. घरात त्या तंबाखूवर दुसरं तोंड अवलंबून होतं. शिवानी येत्या रविवारी येणार आहे, तेव्हा शनिवारी आनंदराजांना सुई घेऊन बोलवा, तेवढे दोन दिवस भोकं मोकळी ठेवू, असं दानम्मांनी भाजता भाजता सांगून टाकलं. अमृतरावांनी मान डोलावली.

मग त्यांनी बिडी काढली. खिडकीकडे बघितलं नाही, इकडेतिकडे बघितलं नाही. शेकोटीतल्या काडीनं निवांत पेटवली आणि पाय लांब करून एक झुरका घेतला. दुसरा घेतला. तिसरा घेणार तोच दानम्मांनी उलथनं खाली ठेवून हात पुढे केला.

"अर्धीच वढा," त्या म्हणाल्या. "उरलेली इकडं द्या."

तीन वर्षं चोरून अख्खी बिडी ओढणाऱ्या अमृतरावांनी त्या दिवसापासून उघडपणे अर्धी ओढायला सुरुवात केली.