लीन झालेल्या इंजिनाचं प्रकरण

“पोलिसांची अक्कल जिथे संपते, तिथे माझी नुसती सुरुवात होते,” असं माझा नवरा स्वतःबद्दल सांगतो. त्याच्या म्हणण्यानुसार त्याची नजर गरुडाची, नाक शिकारी कुत्र्याचं आणि स्मरणशक्ती हत्तीची आहे. एवढं प्राणिसंग्रहालय एका माणसात मावतं कसं, हे मला अजून उलगडलेलं नाही. पोटापाण्यासाठी तो शाळेत भूगोल शिकवतो. वर्गातली मुलं घंटा झाली की सुटतात. आमच्या घरात घंटा नाही.

मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. माझ्याकडे एकच गाडी आहे, आणि तिला माझ्या पायाशी एक जादा ब्रेक आहे. त्या ब्रेकवर माझा जीव आहे, शब्दशः. गुप्तहेराची सहायक हे माझं दुसरं काम. ते मी मागितलं नव्हतं, लग्नाबरोबर आलं.

सध्या माझी सगळ्यात हट्टी विद्यार्थिनी म्हणजे माझ्या सासूबाई. सत्तरीला टेकल्यावर त्यांनी एक दिवस मला स्वयंपाकघरात गाठलं आणि गाडी शिकव म्हणाल्या. त्यांची धाकटी बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. कंबरेचं हाड मोडल्यापासून ती अंथरुणाला खिळलेली आहे. मुलगा आईला तिच्याकडे नेतो, नाही असं नाही, पण तपासातून फुरसत मिळाली तर. बहिणीला मात्र गप्पा माराव्याशा वाटतात त्या त्याची फुरसत बघून नाही. त्यामुळे सासूबाई शिकल्या. परीक्षेत एकदा त्यांनी गाडी मागे घेताना खांब पाडला, एकदा चढावर गाडी घरंगळली. आता तिसरी आणि शेवटची संधी होती. यात नापास झाल्या तर शिकाऊ परवान्यापासून सगळं पुन्हा.

परीक्षेच्या दिवशी सकाळी त्यांनी गाडी चालू केली आणि समोरच्या फळीवर एक पिवळा दिवा लागला तो विझेचना. इंजिन तपासा, असं सांगणारा दिवा. परीक्षकाचा नियम सरळ होता: असला दिवा लागलेली गाडी मैदानात घ्यायची नाही.

गुप्तहेर दात घासत बाहेर आला. त्याने ते पिवळं चित्र पाहिलं आणि ही पाणबुडी आहे, असं जाहीर केलं. ते इंजिनाचं चित्र आहे हे मी सांगितल्यावर, आपल्याला तसंच वाटावं अशीच गुन्हेगाराची इच्छा आहे, असं त्याचं म्हणणं पडलं.

मी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने स्टिअरिंगखाली एक यंत्र जोडलं, त्याच्या पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “मिक्स्चर लीन झालंय.”

“लीन?” नवऱ्याने टूथब्रश खिशात ठेवला. “नम्र? कुणापुढे?”

आमच्या घरात कुणी लीन झाल्याचा हा पहिलाच प्रसंग होता, त्यामुळे त्याचा गोंधळ मी समजू शकले. गॅरेजवाल्याने खुलासा केला की हा इंग्रजी शब्द आहे. इंजिनात हवा आणि पेट्रोल ठराविक प्रमाणात मिसळावं लागतं, आणि इथे हवा जास्त, इंधन कमी, असं झालं होतं. हवा जास्त, इंधन कमी. या दोषाशी माझा संसार चालू आहे, म्हणून मी लगेच मान डोलावली. कारण मात्र त्यालाही ठाऊक नव्हतं. पंप असेल, सेन्सर असेल, कुठून हवा शिरत असेल. गाडी ठेवून जा, परवा बघतो, म्हणून तो यंत्र काखोटीला मारून चहाला गेला.

परीक्षा दुपारी होती.

नवऱ्याच्या मते प्रकरण सुटल्यातच जमा होतं. इंधन कमी, म्हणजे कुणीतरी ते चोरतंय. तो थेट शेजाऱ्याच्या दारात गेला आणि काल रात्री तुम्ही कुठे होतात, असं विचारून आला. शेजारी झोपला होता. शिवाय त्याची स्कूटर विजेवर चालते, आणि ती त्या वेळी गुप्तहेराच्या गुडघ्याला टेकूनच चार्ज होत होती. नवरा परत येऊन म्हणाला की पुराव्याअभावी त्याला तूर्त सोडलं आहे.

मग भेसळीचा संशय आला. त्याने टाकीचं झाकण उघडून शिकारी कुत्र्याच्या नाकाने दीर्घ श्वास घेतला आणि नंतर बराच वेळ पायरीवर डोकं धरून बसला. बसल्या बसल्या बोलत होता, ही गोष्ट वेगळी. त्यातून तिसरा सिद्धांत निघाला की गाडी ठणठणीत आहे, दिवाच खोटी साक्ष देतोय, आणि त्यावर काळी चिकटपट्टी लावली की खटला निकाली.

सासूबाई इतका वेळ चालकाच्या जागेवर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, लबाडी करून मिळवलेला परवाना त्यांना नको.

तेव्हा त्याने डोळे बारीक केले. हे त्याने केलं की मला जादा ब्रेकची आठवण येते. इंजिनापर्यंत कुणाला जाता येत होतं, असं त्याने हवेला विचारलं. कुणाला परीक्षेची भीती वाटत होती? दोनदा नापास झाल्यावर परीक्षा टळावी असं कुणाला वाटेल? आणि शेवटी आईसमोर वाकून, अगदी सहानुभूतीने म्हणाला, “आई, तू कबूल केलंस तर मी रागावणार नाही.”

मी सासूबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या रागावल्या नव्हत्या. थकल्या होत्या. त्यांनी हळूच पर्सचा पट्टा खांद्याला लावला, जणू आता उतरून घरातच जायचंय. पण उतरल्या नाहीत. किल्ली फिरवून त्यांनी इंजिन चालू केलं आणि शांतपणे म्हणाल्या, “आता तू एक मिनिट गप्प बस.”

“पण आई, मुद्दा असा—”

“एक मिनिट.”

तो गप्प बसला. माझ्या माहितीत हे प्रथमच घडत होतं. अंगण इतकं शांत झालं की शेजारीही काळजीने खिडकीत आला. आणि त्या शांततेत बॉनेटखालून आवाज ऐकू आला: सुर्रर्र. बारीक, एकसारखा, दातांतून हवा ओढल्यासारखा. सकाळपासून तो येतच असणार. त्याला बोलायला संधी मिळाली नव्हती, इतकंच.

सासूबाई उतरल्या. मी बॉनेट उघडलं. वाकून, कान लावून त्यांनी बोटाएवढी एक रबरी नळी शोधली. तिचं टोक चिरून जागेवरून निसटलं होतं. नळी जिथून सुटली होती त्या तोंडावर त्यांनी अंगठा ठेवला. सुर्रर्र थांबलं आणि धडपडणारं इंजिन एकदम सुरळीत झालं. अंगठा काढला की पुन्हा धडपड. गॅसच्या शेगडीची नळी अशीच टोकाला चिरते, असं त्या मला म्हणाल्या. इंजिन बंद करून पर्समधल्या कात्रीने त्यांनी चिरलेलं टोक कापलं आणि उरलेली नळी घट्ट दाबून बसवली.

मी गॅरेजवाल्याला चहावरून ओढत आणलं. त्याने नळीवर एक चाप आवळला, यंत्र लावून बिघाडाची नोंद पुसली, इंजिन चालू केलं. दिवा गेला तो गेलाच. नवऱ्याने मला बाजूला घेऊन समजावलं की हवेचा संशय त्याला आधीपासूनच होता, पण साक्षीदार बिथरू नये म्हणून तो बोलला नाही. तो बोलला नाही, हे शब्द त्याच्या तोंडून ऐकताना मी गाडीचा आरसा पुसत होते.

दुपारी सासूबाईंनी खांब पाडला नाही. चढावर गाडी क्षणभर थबकली, परीक्षकाने पेन उचललं, आणि मग ती चढून गेली. फाटकाबाहेर मी इतका वेळ उजवा पाय जमिनीत दाबून उभी होते की नंतर लंगडत चालले.

परवाना घरी आला त्या दुपारी सासूबाई इस्त्रीची साडी नेसून निघाल्या. नवरा बूट घालूनच उभा होता. रस्ता धोक्याचा आहे, वाटेत तो काही निरीक्षणं सांगेल, असं म्हणत त्याने मागचं दार उघडलं.

सासूबाईंनी चालकाच्या जागेवरूनच हात मागे नेऊन ते ओढून लावलं. “मला बहिणीशी काय काय बोलायचंय, ते वाटेत ठरवायचंय,” त्या म्हणाल्या.

तो खिडकीशी वाकून चौकातल्या वळणाविषयी सांगू लागला. त्यांनी त्याच्याकडे प्रेमाने पाहिलं, मान हलवली, आणि काच वर केली.